गटाराच्या खर्चाची वाटणी कोणत्या मापाने?

कोलकात्याच्या उत्तर उपनगरांतून वाहणारा बागजोला कालवा परक्या माणसाला एखाद्या काळ्या ओढ्यासारखा वाटतो. बराहनगर-कामारहाटीच्या बाजूने निघून दमदमच्या दाट वस्त्यांतून आणि पुढे राजारहाटच्या सपाट भूमीतून तो पूर्वेकडे कुलटी नदीच्या दिशेने जातो. वाटेत अनेक नगरपालिकांचे मैलापाणी आणि पावसाचे पाणी त्याच्यात मिसळते. या नगरपालिकांच्या हद्दी वेगळ्या, तिजोऱ्या वेगळ्या, करआकारणीही वेगळी. पाणी मात्र एकच. वरच्या पालिकेने जो खर्च टाळला तो खालच्या वस्तीच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. आणि पावसाळ्यात उंबरठा ओलांडून घरातही शिरतो.

म्हणूनच एखाद्या वस्तीपर्यंत भुयारी गटार न्यायचे ठरले, की पहिला वाद निघतो तो पैशांचा. गटार एका पालिकेच्या हद्दीतून जाणार, पंपिंग स्टेशन दुसरीच्या हद्दीत बसणार, शुद्धीकरणाची जागा तिसरीकडे किंवा एखाद्या ग्रामपंचायतीच्या शिवारात असणार. मग खर्च कोणी सोसायचा? सर्वांनी मिळून सोसावा, हे उत्तर कोणीही नाकारत नाही. सरकारी परिपत्रके तेच सांगतात, कर्ज देणाऱ्या बँका तेच सांगतात, आणि आम्हीही तेच म्हणतो. परंतु 'मिळून' या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, हे तपासले नाही तर हाच शब्द कष्टकऱ्यांच्या गळ्यातला फास ठरतो. खर्च वाटून घ्यायचा हे मान्य. पण कोणत्या मापाने, कोणी ठरवलेल्या मापाने, आणि कोणकोणता खर्च हिशेबात धरून? कोलकात्याचा दीड शतकाचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर शोधताना मोलाचा आहे.

खंदकाच्या आत आणि बाहेर

विल्यम क्लार्क या अभियंत्याने १८५५ मध्ये कलकत्त्याच्या भुयारी गटारांचा आराखडा मांडला. १८७५ च्या सुमारास मूळ शहरातील विटांच्या गटारांचे जाळे पुरे झाले. पण हे 'मूळ शहर' म्हणजे कोणते? ते होते सर्क्युलर रोडच्या आतले शहर. हा रस्ता त्या खंदकाच्या रेषेवरून गेला आहे, जो १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने खणला गेला आणि ज्याला आजही 'मराठा खंदक' म्हणून ओळखतात. स्वाऱ्या थांबल्या, खंदक बुजला, परंतु त्याची रेषा पुसली गेली नाही. आत गटारे आली. बाहेर जी उपनगरे कारखान्यांना, गोद्यांना आणि ताग गिरण्यांना मजूर पुरवत होती, त्यांच्या वाट्याला उघडी नाली, पाटीचे संडास आणि डोक्यावरून मैला वाहणारी माणसे आली. आतला मैला पंप करून पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे, विद्याधरी नदीकडे लोटला जाई. म्हणजे शहराने आपली घाण हद्दीबाहेर टाकली, आणि हद्दीबाहेरच्यांना गटार मात्र दिले नाही.

त्याच १८५५ साली लंडनमध्ये वेगळी गोष्ट घडत होती. तेथेही डझनावारी लहानमोठ्या स्थानिक मंडळांनी आपापल्या हद्दीपुरते गटार बांधून शेवटी सगळे थेम्स नदीत सोडले होते. अखेर संपूर्ण महानगरासाठी एक बांधकाम मंडळ स्थापन झाले आणि मुख्य गटारांचा खर्च साऱ्या महानगरावर बसवला गेला. पुढे १८९४ मध्ये कायदाच झाला, की संपूर्ण लंडनमध्ये मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे सहा पेन्स गोळा करायचे आणि ती रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची. वसुली संपत्तीच्या मापाने, वाटप माणसांच्या मापाने. श्रीमंत भागाकडून घेऊन गरीब भागाच्या आरोग्यावर, दिवाबत्तीवर आणि रस्त्यांवर खर्च करण्याचा हा मार्ग कोणा क्रांतिकारकाने सुचवलेला नव्हता; तो भांडवलशाहीच्या राजधानीनेच पत्करला होता. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते, की कामगारवस्तीत पोसलेली साथ मालकवर्गाच्या वस्तीचे दार ठोठावल्यावाचून राहत नाही. लंडनच्या धनिकांना हे पटकीने शिकवले. वसाहतीच्या राजधानीत मात्र हा धडा अर्धाच गिरवला गेला. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये पटकीच्या जंतूचा माग काढत कलकत्त्यात आला तेव्हा तो त्याला एका वस्तीच्या तळ्याच्या पाण्यातही सापडला. गोष्ट विज्ञानाला कळली, पण तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या त्यांनी ती कानाआड केली.

विद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत नदी म्हणून जाहीर झाली. तेव्हा कॉर्पोरेशनचे अभियंते बी. एन. डे यांनी मैलापाणी आणखी पूर्वेला, कुलटीपर्यंत नेणारे कालवे आखले. ती योजना १९४३ मध्ये सुरू झाली. तिच्यानंतर चारच वर्षांत फाळणी आली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी यादवपूर, बेहाला, दमदम या भागांत पडीक जमिनी ताब्यात घेऊन आपल्या हातांनी वसाहती उभारल्या. अशा १४९ वसाहतींची नोंद १९५० पर्यंतच झाली होती. त्यांनी रस्ते केले, शाळा काढल्या, तळी खणली. पण भुयारी गटार ही काही वसाहत समितीने वर्गणीतून बांधायची वस्तू नव्हे. ती मुख्य वाहिनीला जोडावी लागते, आणि मुख्य वाहिनी दुसऱ्या पालिकेची होती.

कर्जाने आलेले गटार

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी कलकत्त्याची पाहणी केली आणि येथील पटकी हा केवळ एका शहराचा प्रश्न नसल्याचे बजावले. १९६१ मध्ये महानगर नियोजन संघटना स्थापन झाली, १९६६ मध्ये संपूर्ण महानगर जिल्ह्याचा मूलभूत विकास आराखडा प्रसिद्ध झाला, १९७० मध्ये महानगर विकास प्राधिकरण आले. त्याच वर्षी महानगरात येणाऱ्या मालावर प्रवेशकर बसवला गेला आणि त्याच्या उत्पन्नातून प्राधिकरणाला व पालिकांना पैसा मिळू लागला. साऱ्या महानगराच्या व्यापारातून साऱ्या महानगराच्या सोयी, हे तत्त्व येथे प्रथमच थोडेफार आकाराला आले. १९७३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्यक संस्थेचे ३.५ कोटी डॉलरचे कर्जही आले. वस्त्यांत पाण्याचे नळ, फरशी, शौचालये झाली. पाटीचे संडास हटवण्याला वेग आला. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु त्याच काळात, १९७२ पासून १९८५ पर्यंत, कलकत्ता कॉर्पोरेशनमध्ये निवडून आलेले सभागृहच नव्हते, हीही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. पैसा वरून आला, योजना वरून आल्या, पूर्ण झालेली बांधकामे मात्र चालवण्यासाठी खाली सोपवली गेली. १९७७ नंतर डाव्या आघाडीच्या सरकारने पालिकांच्या निवडणुका घेतल्या, लहान कामे पालिकांच्या हाती दिली, आणि १९८४ मध्ये यादवपूर, बेहालाची दक्षिण उपनगर नगरपालिका व गार्डन रीच यांना महापालिकेत सामावून घेतले. वॉर्डांची संख्या १०० वरून १४१ झाली. खंदकाची रेषा कागदावर तरी पुसली गेली.

कागदावर, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. मतदारयादी एका रात्रीत एक करता येते. जमिनीखालची वाहिनी तशी येत नाही. या ४१ नव्या वॉर्डांतील मोठ्या भागात भुयारी गटारांचे काम खऱ्या अर्थाने हाती घेतले गेले ते आशियाई विकास बँकेने डिसेंबर २००० मध्ये पर्यावरण सुधार प्रकल्पाचे कर्ज मंजूर केल्यानंतर. तो प्रकल्प लांबला. २०१३ मध्ये त्याच बँकेने ४० कोटी डॉलरच्या पुढच्या कार्यक्रमाला मान्यता दिली. २०१२ मध्ये जोका परिसरातील दोन पंचायती महापालिकेत आल्या आणि वॉर्ड १४४ झाले. त्यांच्या दारीही गटाराचा प्रश्न कर्जाच्याच वाटेने गेला. डावी आघाडी ३४ वर्षे सत्तेवर होती. केंद्राने राज्याची आर्थिक कोंडी केली हे खरे. पण विलीन झालेल्या वॉर्डांचे गटार शहराच्या स्वतःच्या संपत्तीतून, मध्यवर्ती भागातील भरभक्कम मालमत्तांवर चढता कर बसवून उभे करण्याची हिंमत पुरेशी दाखवली गेली नाही, हेही खरे. डाव्या चळवळीने हे स्वतःशी कबूल केले तरच दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

कर्ज म्हणजे खर्चाची वाटणीच आहे. फक्त ती आजच्या आणि उद्याच्या पिढीत होते, आणि तिचे माप सावकार ठरवतो. अशा कार्यक्रमांबरोबर सेवाशुल्काच्या आणि आर्थिक 'सुधारणां'च्या अटी येतात. २००५ मध्ये केंद्राने आणलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने तर हे माप देशभर लागू केले. चाळीस लाखांहून मोठ्या शहरात प्रकल्पाचे ३५ टक्के केंद्र देणार, १५ टक्के राज्य, आणि उरलेले ५० टक्के स्थानिक संस्थेने स्वतः किंवा कर्ज काढून उभे करायचे. शिवाय देखभालीचा संपूर्ण खर्च सात वर्षांच्या आत ग्राहकांकडून वसूल करण्याची तयारी दाखवायची. २०१५ च्या 'अमृत' योजनेत दहा लाखांवरील शहरांसाठी केंद्राचा हिस्सा एक-तृतीयांशावर आला. प्राप्तिकर, सीमाशुल्क, कंपनीकर अशी कररूपी उत्पन्नाची मोठी साधने ज्याच्या हाती, त्याचा वाटा लहान. आणि ज्याच्या हाती घरपट्टी, बाजारफी व परवानाशुल्क, त्याचा वाटा मोठा. याला भागीदारी म्हणायचे असेल तर वेठीला काय म्हणायचे?

समान हिस्सा म्हणजे न्याय्य हिस्सा नव्हे

पालिका-पालिकांतील वाटणीतही हाच धोका आहे. समजा, दोन शेजारच्या पालिकांना मिळून दहा कोटींची वाहिनी बांधायची आहे. एकीचे वर्षाचे करउत्पन्न नऊ कोटी, दुसरीचे एक कोटी. निम्मा-निम्मा खर्च ठरला, तर पहिलीचे सातएक महिन्यांचे उत्पन्न खर्ची पडेल, आणि दुसरीचे पाच वर्षांचे. त्या पाच वर्षांत दुसरीने झाडूवाल्यांचे पगार कशातून द्यायचे? शाळा, दवाखाना, दिवे कशावर चालवायचे? उलट ऐपतीच्या प्रमाणात नऊ आणि एक अशी वाटणी केली, तर दोघींच्याही एकेका वर्षाच्या उत्पन्नाएवढा भार पडतो. समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतला फरक समजायला अर्थशास्त्राचे ग्रंथ लागत नाहीत. ही त्रैराशिकाची साधी आकडेमोड आहे.

यावर मध्यवर्ती भागातील करदाता विचारतो: बेहालाच्या गटाराचा पैसा बालीगंजने का द्यावा? हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकू नये. त्याला उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे, की बालीगंजच्या जमिनीला आणि इमारतींना जे मोल आले आहे ते केवळ बालीगंजवासीयांच्या श्रमाने आलेले नाही. बंदर, रेल्वे, कचेऱ्या, बाजारपेठा यांच्या भोवती लक्षावधी माणसे काम करतात. ती रात्री परततात बेहालाला, सोनारपूरला, दमदमला, हावड्याला. शहराने त्यांचा दिवस वापरला. त्यांच्या रात्रीची, त्यांच्या मुलांच्या आरोग्याची जबाबदारी मात्र गरीब पालिकांवर टाकली. मध्यवर्ती मालमत्तेच्या करातून उपनगराला जे मिळेल ते दान नव्हे. थकलेले देणे आहे.

बांधणे आणि चालवणे

खर्चाच्या वाटणीची चर्चा बहुतेक वेळा उद्‌घाटनाच्या फितीपाशी संपते. पण कोलकात्यासारख्या सपाट, नदीकाठच्या शहरात मैलापाणी उताराने वाहून जात नाही. ते पंपाने उचलून पुढे ढकलावे लागते. म्हणजे रोज वीज, रोज मजूर, रोज गाळउपसा. एकदाचा बांधकामाचा खर्च केंद्राने दिला तरी हा रोजचा खर्च कायमचा गळ्यात पडतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या गंगा कृती योजनेच्या पहिल्या टप्प्यात बांधणीचा पैसा पूर्णपणे केंद्राचा होता. यंत्रणा चालवण्याचा भार राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर होता. परिणाम सर्वज्ञात आहे. पंप आहेत, वीजबिलाला पैसे नाहीत. शुद्धीकरण केंद्र आहे, त्यापर्यंत घरजोडण्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पश्चिम बंगालला ३,५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यात नोंदवलेले आकडे असे होते: शहरी भागांत रोज २,७५८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते आणि त्यातले फक्त १,२६८ दशलक्ष लिटर शुद्ध होते. महाराष्ट्रातील वाचकांनी हुरळून जाऊ नये. त्याच महिन्यात महाराष्ट्रावर १२,००० कोटींचा आदेश झाला होता.

आणि जेव्हा चालवण्याचा खर्च कोणीच उचलत नाही, तेव्हा तो एक माणूस आपल्या प्राणांनी उचलतो. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दक्षिण कोलकात्यातील कुदघाट भागात, उपनगरी वॉर्डांसाठी टाकल्या जात असलेल्या नव्या वाहिनीच्या मॅनहोलमध्ये उतरलेले चार कामगार मरण पावले. ते मालदा जिल्ह्यातून पोटासाठी आले होते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. आणि चारच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, बानतला येथील चर्मोद्योग संकुलात आणखी तीन कामगार मॅनहोलमध्ये बळी गेले. २०१३ चा कायदा आहे. २०१४ मध्ये न्यायालयाने मृतांच्या वारसांना १० लाखांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख झाली. कायदा आहे, भरपाई आहे. यंत्र नाही, प्राणवायूचे नळकांडे नाही, कायम नोकरी नाही. कारण निविदेतला सर्वांत स्वस्त आकडा गाठण्यासाठी ठेकेदार जो खर्च कापतो तो नेमका हाच असतो. वस्तीला गटार मिळावे म्हणून लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे विसरता कामा नये, की ज्याच्या मृत्यूवर ते गटार स्वस्त झाले, तोही आपल्याच वर्गाचा माणूस आहे. आणि बहुधा तो अशा जातीचा किंवा अशा दुबळ्या जिल्ह्याचा आहे, जिच्यावर हे काम शतकानुशतके लादले गेले.

हिशेबाबाहेरचे भागीदार

आणखी एक भागीदार आहे, ज्याचे नाव कोणत्याही वाटणीच्या तक्त्यात येत नाही. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरांवर पसरलेली पाणथळ भूमी आहे. शहराचे मैलापाणी तेथील भेड्यांत, म्हणजे मत्स्यतळ्यांत, सोडले जाते. ऊन, शेवाळ आणि मासे यांच्या साहाय्याने ते शुद्ध होते, आणि त्यावर मासळी, भाजीपाला व भात पिकतो. हे तंत्र कोणा परदेशी सल्लागाराने दिलेले नाही. ते तेथील कोळ्यांनी व शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले. राज्य सरकारच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास करून त्याचे महत्त्व जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भूमीवरील बांधकामांना लगाम घातला, २००२ मध्ये तिला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, २००६ मध्ये तिच्या रक्षणासाठी राज्याचा कायदा झाला.

या कष्टकऱ्यांनी शहराचा शुद्धीकरणाचा केवढा खर्च वाचवला! त्यांच्या पंचायतींना त्याबद्दल शहराकडून हक्काचा वाटा मिळतो काय? त्यांच्या वाट्याला आला तो धापाचा कचरा, जमिनीच्या दलालांचा दबाव आणि भेड्या बुजवण्याचे प्रयत्न. उपनगरांची गटारे जोडली जातील तसा मैलापाण्याचा लोंढा वाढेल. तेव्हा पाणी घेणाऱ्यांचे मत विचारल्यावाचून ते पाठवण्याचा हक्क कोणालाही नाही. खर्चाच्या वाटणीत जो घाण स्वीकारतो आणि शुद्ध करतो, त्याला देणेकरी नव्हे तर घेणेकरी मानले पाहिजे.

एकत्र बसण्याची जागा

वाटणीचे माप कोणी ठरवायचे? प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याने नव्हे, बँकेच्या सल्लागाराने नव्हे, आणि एकट्या बलाढ्य महापालिकेनेही नव्हे. यासाठी नवी घटनादुरुस्ती लागत नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक महानगरासाठी नियोजन समितीची तरतूद केली आहे. तिचे किमान दोन-तृतीयांश सभासद पालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. पालिका व पंचायती यांच्या समाईक हिताच्या बाबी, पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचे रक्षण, हे विषय राज्यघटनेने या समितीपुढे ठेवले आहेत. बागजोलाच्या काठच्या पालिकांना एकत्र बसवायला याहून योग्य जागा कोणती? पश्चिम बंगालने त्यासाठी १९९४ मध्ये कायदा केला आणि २००१ मध्ये कोलकात्यात अशी समिती देशात प्रथम स्थापन झाली. ही अभिमानाची गोष्ट होती. पण ज्या समितीच्या हाती निधी नाही आणि पैशाच्या चाव्या प्राधिकरणाकडेच राहतात, तिची बैठक म्हणजे चहापानापुरता उपचार ठरतो.

आणि समितीत बसणारे प्रतिनिधीच नसतील तर? हावडा महापालिकेच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०१८ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे तेथे प्रशासकाचाच कारभार राहिला. मुंबईसह महाराष्ट्रातील मोठमोठ्या महापालिकाही २०२२ नंतर दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. प्रशासक करारावर सही करू शकतो. वस्तीतल्या बाईपुढे उभा राहून त्या कराराचा जाब देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील सभासदांना हा सारा प्रश्न परका वाटू नये. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेतली गेली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे वर्षानुवर्षे शहराचा कचरा झेलत होती. पुढे ती महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. कर भरायचा शहराच्या दराने आणि सोयी मिळायच्या खेड्याच्या, या अनुभवातूनच हद्दीत येण्याचा आणि हद्दीबाहेर जाण्याचा असा खेळ होतो. धापा असो की फुरसुंगी, शहराच्या कडेवरची माणसे एकच प्रश्न विचारत आहेत: तुमची घाण आमच्याकडे येते, तर तुमची तिजोरी आमच्याकडे का येत नाही?

आपण काय मागावे

तेव्हा पक्षसभासदांनी, वस्ती समित्यांनी आणि कामगार संघटनांनी आपापल्या गावी पुढील मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात, असे आम्हांला वाटते.

पहिली, एकाच नाल्याच्या किंवा कालव्याच्या खोऱ्यातील सर्व पालिका व पंचायतींचा एक समाईक मलनिःसारण निधी असावा. त्यातली वसुली करपात्र मालमत्तेच्या प्रमाणात आणि खर्च लोकसंख्येच्या व आजवरच्या उपेक्षेच्या प्रमाणात व्हावा.

दुसरी, केंद्राने आपला हिस्सा घटवत नेण्याचे धोरण सोडावे. मुख्य वाहिन्या, पंपिंग स्टेशने व शुद्धीकरण यांचा भांडवली खर्च मुख्यतः केंद्र व राज्य यांनी उचलावा. पालिकांना कर्जाच्या दारी लोटू नये.

तिसरी, वीज, दुरुस्ती आणि मजुरी या चालवण्याच्या खर्चाची वाटणी काम सुरू होण्यापूर्वीच ठरावी आणि करारात लिहिली जावी. गल्लीतल्या वाहिनीपासून गरिबाच्या मोरीपर्यंतची शेवटची घरजोडणी याच निधीतून, विनामूल्य व्हावी. शेवटच्या दहा फुटांसाठी सारे गटार निरुपयोगी ठरू नये.

चौथी, मॅनहोलमध्ये माणूस उतरवणे पूर्ण थांबावे. यंत्रे, सुरक्षासाधने आणि कायम नोकरी यांचा खर्च प्रकल्पखर्चाचा भाग धरावा. दुर्घटना झाली तर ठेकेदाराबरोबर काम देणाऱ्या संस्थेलाही जबाबदार धरावे.

पाचवी, मैलापाणी स्वीकारणाऱ्या पंचायतींना आणि मच्छीमार सहकारी संस्थांना निर्णयात स्थान आणि निधीत हक्काचा वाटा मिळावा.

सहावी, हे सारे ठरवण्याचा अधिकार निर्वाचित महानगर नियोजन समितीकडे यावा, तिच्या हाती स्वतंत्र निधी असावा, आणि हिशेब प्रत्येक वॉर्डाच्या सभेपुढे वाचला जावा.

या मागण्या मोठ्या घोषणांच्या मानाने सामान्य वाटतील. गटार, जोडणी, वीजबिल, हिशेब यांत क्रांतीचा आवेश कोठे आहे, असे एखादा तरुण कॉम्रेड विचारीलही. त्याला आम्ही सांगू, की पावसाळ्यात गुडघाभर काळ्या पाण्यात उभे राहून चूल पेटवणाऱ्या बाईला राज्यसत्ता कोणाच्या बाजूची आहे हे शिकवायला वेगळे शिबिर लागत नाही. तिला हवी आहे ती तिच्या शेजारच्या वॉर्डातल्या, शेजारच्या पालिकेतल्या आणि मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाशी तिची गाठ घालून देणारी संघटना. बागजोलाच्या काठावर सहा पालिकांचे कष्टकरी सहा वेगवेगळे अर्ज घेऊन सहा कचेऱ्यांच्या दारात उभे राहतात, तोवर प्रत्येक कचेरी त्यांना दुसरीकडे बोट दाखवत राहील. ज्या दिवशी ते एकाच अर्जाखाली सही करून एकाच दारात जातील, त्या दिवशी त्या दाराला आपली हद्द दाखवून सुटता येणार नाही.